सीनियर गेम इंजिनिअर खान्देशात आणायचाय? मग आधी पगाराचं गणित मांडा

जळगावात बसून गेमचं तंत्रज्ञान बनवतो म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "म्हणजे ते पैसे लावून पत्ते खेळायचं?" तसलं काही नाही. एकाच वेळी पंचवीस-तीस जण खेळत असले तरी सगळ्यांच्या फोनवर खेळ सारखाच दिसावा, यासाठी सर्व्हरवर आणि फोनमध्ये जे सॉफ्टवेअर लागतं ते आम्ही बनवतो आणि गेम बनवणाऱ्या स्टुडिओंना विकतो. आम्ही नऊ जण आहोत, त्यांत तिघं सीनियर. या तिघांपर्यंत पोहोचायच्या आधी एकाला आम्ही घालवला. तिथूनच सुरुवात करतो.

तो पुण्यात होता. वडिलांची तब्येत बरी नसल्यामुळे त्याला गावाकडे यायचं होतं. आम्हाला वाटलं, लॉटरीच लागली. पुण्यातल्या पगारापेक्षा जवळजवळ चाळीस टक्के कमी आकडा सांगितला आणि वर समजावलं, "घरभाडं नाही, ट्रॅफिक नाही, आईच्या हातची कळण्याची भाकरी." तो हसला आणि आला. सातव्या महिन्यात त्याने राजीनामा दिला. पुढे एकदा मेहरूण तलावावर सकाळी फिरताना भेटला. गाव सोडलंच नव्हतं त्याने. त्याच घरात, त्याच खोलीत बसून तो बंगळुरूच्या एका कंपनीचं काम करत होता, आणि पगार पुण्यापेक्षाही जास्त होता.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपली स्पर्धा जळगावातल्या दुसऱ्या ऑफिसशी नाही. तोच माणूस घरबसल्या बाहेरून जितके पैसे मिळवू शकतो, त्या आकड्याशी आहे. गावचा भाव लावून सीनियर माणूस टिकत नाही. खाली जे काही सांगतोय, ते सगळं याच हिशेबावर उभं आहे.

आधी ठरवा: माणूस नेमका कशासाठी हवाय

"एक चांगला सीनियर हवाय" ही काही जाहिरात झाली नाही. गेमच्या कामात सीनियरच्या निदान चार जाती आहेत. खेळाचे नियम आणि हालचाल लिहिणारा, ग्राफिक्सवाला, नेटवर्क-सर्व्हरवाला, आणि बाकीच्यांचं काम सोपं करणारी साधनं बनवणारा. युनिटी आणि अनरियल ही गेम बनवायची दोन वेगळी इंजिनं. युनिटीत सी शार्प या भाषेत दहा वर्षं काढलेला माणूस अनरियलच्या सी प्लस प्लसमध्ये पहिल्या महिन्यापासून तितकाच भारी ठरेल, ही अपेक्षा धरू नका. शिकेल, पण तो शिकण्याचा काळ तुमच्या पैशातून जाणार.

आम्ही एक कागद घेतो आणि त्यावर पुढच्या बारा महिन्यांत अडणाऱ्या तीन गोष्टी लिहितो. एकदा लिहिलेल्या तीन गोष्टी अशा होत्या: स्वस्त फोनवर फ्रेम तुटतात (म्हणजे चित्र अडखळतं), खेळाडू वाढले की सर्व्हरचं बिल वाढतं, नवीन बिल्ड (गेमची फोनवर चालवता येणारी आवृत्ती) काढायला अख्खा दिवस जातो. यातली तिसरी अडचण हुशार ज्युनिअरने सोडवली, तिच्यासाठी सीनियर लागलाच नाही. पहिल्या दोन मात्र दोन वेगवेगळ्या माणसांच्या निघाल्या. कागदावर उतरवलं नसतं तर दोन्हींची अपेक्षा एकाच माणसाकडून केली असती आणि वर्षभर त्यालाच दोष देत बसलो असतो.

सीनियरची माझी व्याख्या साधी आहे. ज्युनिअरला काम सांगावं लागतं, सीनियरला अडचण सांगितली की पुरते. अनुभवाची वर्षं मी त्यानंतर बघतो.

तिजोरी बघा

हा भाग थोडक्यात. सीनियरला ऑफर देताना त्याचा निदान बारा महिन्यांचा पगार बँकेत वेगळा दिसला पाहिजे. "पुढचं पेमेंट आलं की देऊ" या भरवशावर ज्युनिअरलाही घेऊ नये, आणि जो पुण्यातली नोकरी सोडून मुलाची शाळा बदलून येणार आहे त्याला तर नाहीच नाही.

सीटीसी आणि हातात पडणारे पैसे

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात, म्हणून आकडे मांडून दाखवतो. समजा तुम्ही वर्षाला ३० लाखांची सीटीसी, म्हणजे त्या माणसावर कंपनीचा होणारा एकूण खर्च, सांगितली. ऐकणारा मनात बाराने भागतो आणि अडीच लाख धरून चालतो. प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

मूळ पगार निम्मा धरू, म्हणजे १५ लाख. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ पगार तीस टक्के दाखवून बाकी सगळं भत्त्यांत कोंबायची जुनी युक्ती आता चालत नाही. त्या १५ लाखांवर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ७२ हजार. या दोन्ही रकमा सीटीसीतच धरलेल्या असतील तर उरले साधारण २७ लाख ४८ हजार.

आता माणसाच्या बाजूने. त्याचा स्वतःचा पीएफ आणखी १ लाख ८० हजार. नवीन करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी, ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून, आयकर आणि उपकर मिळून सुमारे ३ लाख ९७ हजार. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५०० रुपये. सगळं वजा केलं की हातात येतात वर्षाला २१ लाख ६८ हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला साधारण १ लाख ८० हजार.

अडीच लाख कुठे आणि एक लाख ऐंशी हजार कुठे! पीएफचे पैसे त्याचेच आहेत हे खरं, पण घराचा हप्ता पीएफमधून जात नाही. म्हणून ऑफर देतानाच आम्ही एका पानावर हा तक्ता छापून देतो आणि तळाला "बँकेत महिन्याला जमा होणारी अंदाजे रक्कम" असं लिहितो. या एका पानाने आमच्यावर जेवढा विश्वास बसला, तेवढा कुठल्याही गोड बोलण्याने बसला नाही.

इथे दोन बारकावे आहेत. पीएफ वीस किंवा अधिक कर्मचारी झाले की बंधनकारक होतो आणि ग्रॅच्युइटी दहापासून. तुम्ही नऊच असाल आणि तरीही सीटीसीतून ग्रॅच्युइटी कापून दाखवत असाल, तर अनुभवी माणूस ते पाच मिनिटांत पकडेल. दुसरं म्हणजे, पीएफ बंधनकारक नसला तरी ऐच्छिक नोंदणी करता येते. मोठ्या कंपनीतून येणाऱ्याचं पीएफ खातं आधीपासून असतं आणि ते तुटू नये असं त्याला वाटतं. आमच्या सीएने नोंदणी करून दिली. डोकेदुखी थोडी वाढली, पण माणसं निर्धास्त झाली.

व्हेरिएबल पगाराबद्दल माझं मत कडक आहे. लहान कंपनीत मोबदल्याचा तिसरा हिस्सा "कामगिरीनुसार" ठेवणं म्हणजे पगार कमी द्यायचा आणि तसं म्हणायचं नाही. गेम चालला की नाही हे बाजार ठरवतो, सर्व्हर लिहिणारा नाही. द्यायचंच असेल तर दहा टक्क्यांपर्यंत द्या आणि मोजता येईल अशा कामाला बांधा.

शेअर द्यायचे तर समजावून द्या

पुण्या-बंगळुरूच्या आकड्याला रोख पैशांत पूर्ण पोहोचता येत नसेल, तर फरक ईसॉपने, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे कंपनीचे शेअर घ्यायचे हक्क (पर्याय) देऊन, भरतात. मात्र कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली पाहिजे. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, शेअरच नसतात, मग ईसॉप कुठून देणार? २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे प्रायव्हेट कंपनीत योजना भागधारकांच्या साध्या ठरावाने मंजूर करावी लागते. आणि पर्याय दिल्यापासून ते हक्काचे होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं.

उदाहरण घेऊ. कंपनीचे एकूण १० लाख शेअर आहेत आणि सीनियरला ५,००० पर्याय दिले, म्हणजे अर्धा टक्का. चार वर्षांचं व्हेस्टिंग (पर्याय टप्प्याटप्प्याने हक्काचे होणं), पहिल्या वर्षी क्लिफ (त्याआधी सोडलं तर काहीच नाही). वर्ष पूर्ण झालं की १,२५० हक्काचे, उरलेले पुढच्या ३६ महिन्यांत थोडेथोडे. मधेच गुंतवणूकदार आला आणि अडीच लाख नवे शेअर निघाले, तर त्याचा अर्धा टक्का ०.४ टक्क्यांवर येतो. हे आधी सांगितलं नसेल तर त्या दिवशी त्याला फसवल्यासारखंच वाटतं.

करही सांगायला हवा. समजा १० रुपयांनी शेअर घ्यायचा हक्क आहे आणि घेतेवेळी बाजारमूल्य ४०० ठरलं. तर १,२५० शेअरांवर ४ लाख ८७ हजार ५०० रुपये पगारासारखे करपात्र होतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला उपकरासह सुमारे १ लाख ५२ हजार भरावे लागतील, तेही शेअर न विकता, म्हणजे खिशातून. कर पुढे ढकलायची सवलत आहे, पण ती आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या पात्र स्टार्टअपलाच. नुसती स्टार्टअप म्हणून नोंदणी असून भागत नाही.

नोकरी सोडल्यावर हक्काचे झालेले पर्याय किती दिवसांत वापरायचे हेही लिहून द्या. मुदत तीन महिन्यांची ठेवली तर माणूस एकतर घाईत कर भरतो नाहीतर हक्क सोडतो. आम्ही ती लांब ठेवली आहे. कंपनीचं त्यात काही बिघडत नाही.

माणसं कुठे शोधायची

बांभोरी, शिरपूर, धुळे आणि जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथून दरवर्षी बाहेर पडणारी मुलं हिंजवडी, वाकड, पिंपरी-चिंचवडला जातात. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये टाकलेल्या एका साध्या निरोपाने आम्हाला जे दिलं, ते नोकरीच्या वेबसाइटला पैसे भरून मिळालं नाही. निरोपात पगाराची रेंज लिहा. "आकर्षक पगार" वाचून सीनियर पुढे सरकतो.

भेटायचा काळ आखाजी (अक्षय तृतीया) आणि दिवाळी. तेव्हा सगळे घरी असतात, आणि इथेच राहता आलं तर, हा विचार घरात चाललेला असतो.

आणखी एक वाट अलीकडे उघडली. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली. त्या कंपन्यांतून सर्व्हरचं उत्तम काम केलेले लोक बाहेर पडले. लाखो खेळाडूंचा भार एकाच वेळी पेलणारी यंत्रणा त्यांनी चालवलेली असते. त्यांच्याशी बोलताना "कुठे होतास" यावरून नाक मुरडू नका.

मुलाखत: फोन हातात द्या

फळ्यावर कोडी सोडवून घेणं आम्ही बंद केलं. घरी दोन दिवस खपून करायची असाइनमेंटही बंद केली, कारण नोकरी आणि लेकरं सांभाळणारा माणूस ती करत नाही आणि मोकळाच असलेला करतो. आता अर्ध्या दिवसाचं बसणं असतं आणि त्याचे पैसे देतो.

टेबलावर एक स्वस्त अँड्रॉइड फोन असतो. त्यात आमचाच छोटा गेम, मुद्दाम बिघडवलेला. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. आमचा गेम दर काही सेकंदांनी अडखळतो. कारण साधं आहे: गुण दाखवणारी ओळ प्रत्येक फ्रेमला नव्याने जोडली जाते, मेमरीत कचरा साठतो आणि तो झाडायला गेम क्षणभर थांबतो. कोण काय करतो ते बघायचं. काही जण फाइल उघडून थेट कोड बदलायला लागतात. काही जण आधी प्रोफायलर (वेळ आणि मेमरी कुठे जाते ते मोजणारं साधन) लावतात आणि दहा मिनिटं काही न लिहिता नुसते बघत बसतात. आम्हाला दुसऱ्या प्रकारचे हवेत.

गेल्या मे महिन्यात एक मुलगी आली होती. बाहेर ४४ अंश, एसी धापा टाकत होता. तिने फोन उचलला, मागून हात लावला आणि विचारलं, "सर, हा किती वेळ चालू आहे?" फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, मग कोड निर्दोष असला तरी फ्रेम तुटतात. तिने फोन पंख्याखाली ठेवला, चहा घेतला आणि गार झाल्यावर पुन्हा मोजलं. कचऱ्याची चूक तिने नंतर शोधलीच. पण माझं मत तिने फोनला हात लावला तेव्हाच झालं होतं.

नेटवर्कवाल्यासाठी एकच प्रश्न पुरतो. नंदुरबारचा खेळाडू मोबाइल नेटवर्कवर आहे, त्याचा संदेश पोहोचायला १२० मिलिसेकंद लागतात, आणि सर्व्हर सेकंदाला २० वेळा हिशेब करतो. त्याने गोळी झाडली तेव्हा त्याच्या पडद्यावर शत्रू समोर होता, सर्व्हरच्या लेखी मात्र भिंतीआड गेलेला. खरं कोणाचं धरायचं? बरोबर उत्तर एक नाही. सर्व्हरने वेळ मागे नेऊन तपासावं असं म्हणणाऱ्याला विचारा, मग भिंतीआड जाऊनही मेलेल्या खेळाडूला काय सांगायचं? आणि किती मागे जायचं? इथे जो बाजू मांडून भांडतो, त्याच्याबरोबर काम करायला मजा येते.

ऑफर आणि नव्वद दिवस

मोठ्या कंपन्यांत नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असतो. या तीन महिन्यांत तुमचं ऑफर लेटर दाखवून तो दुसरी ऑफर घेऊ शकतो, आणि जुनी कंपनीही पगार वाढवू शकते. रागावून उपयोग नाही. आम्ही दोन गोष्टी करतो. नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येत असेल तर ते पैसे कंपनी भरते. आणि दर आठवड्याला एकदा फोन करतो, "येतोयस ना?" विचारायला नाही, एखाद्या खऱ्या तांत्रिक प्रश्नावर त्याचं मत घ्यायला.

इथे घरच्यांनाही भेटावं लागतं. यावर पुण्यातले मित्र हसतात. एकाच्या घरी गेलो तर त्याचे वडील, आम्ही त्यांना आण्णाच म्हणतो, बाजेवर बसून होते. पहिला प्रश्न, "पगार कितला शे?" मी तक्त्याचं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून तळाची ओळ वाचली आणि विचारलं, "आणि कंपनी बुडाली तर?" बँकेत बारा महिन्यांचे पैसे आहेत, असं सांगितलं. मग शेवभाजी आली. बायकोची नोकरी, मुलांची शाळा, दवाखाना हे विषय त्या जेवणात निघाले, ते ऑफिसात कधी निघाले नसते.

करारात काय लिहायचं

जुन्या काळी आखाजीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, ठरायचा तेव्हा वर्षाचे पैसे, धान्य, कपडे, उचल सगळं आधी बोललं जायचं. ती पद्धत आदर्श होती असं म्हणत नाही. उचलीत माणूस अडकून पडायचा. पण आजही काही जण इंजिनिअरची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवतात किंवा बॉंड लिहून घेतात, ती उचलच झाली. आम्ही करत नाही.

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, हे कलमही घालू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा बंधनाला मुळातच मान्यता देत नाही. गुपितं बाहेर न्यायची नाहीत, एवढं पुरे.

कोडची मालकी मात्र नीट लिहा. कर्मचाऱ्याने नोकरीत लिहिलेला कोड १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. कंत्राटावरच्या माणसाचा होत नाही. त्याच्याकडून हक्क लेखी घ्यावे लागतात, आणि मुदत व प्रदेश लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं आणि भारत एवढंच धरतो. परदेशी स्टुडिओला विकायला निघालात की हे उघडकीस येतं.

आणि त्याचे स्वतःचे छंदाचे गेम? गेमवाल्यांपैकी बहुतेकांचं घरी काही ना काही चालू असतं. ते त्याचंच राहील हे करारात लिहा. "तू जे जे बनवशील ते आमचं" हे वाक्य वाचून आमचा एक चांगला उमेदवार उठून गेला होता.

रुजू झाल्यावर

पहिल्या दिवशी मशीन तयार हवं. अनरियलचं काम असेल तर ६४ जीबी रॅम आणि जलद एसएसडीवर काटकसर नको. दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइनी आणि इन्व्हर्टर लागतोच, उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशीच करा. कायद्याने पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मुभा आहे, पण हप्ते पाच तारखेला कापले जातात. वाढीचा महिनाही आधीच सांगून ठेवा, आणि बाहेरचा भाव वर्षातून एकदा स्वतः काढा. त्याने दुसरी ऑफर आणून टेबलावर ठेवेपर्यंत थांबलात तर बाकीच्यांनाही ऑफर आणायचीच सवय लागते.

कोणी सोडून गेला तर नव्या वेतन संहितेप्रमाणे हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. त्याआधी हस्तांतराची यादी करा: ॲप सही करायची कीस्टोर फाइल, सर्व्हरचे प्रवेश, पैसे कापले जाणारी खाती. आमच्या त्या पहिल्या इंजिनिअरने कंपनीचं डोमेन स्वतःच्या खात्यावरून घेतलं होतं, आणि ते कोणाच्या लक्षातच नव्हतं. आठ महिन्यांनी एका रविवारी वेबसाइट बंद पडली. नूतनीकरणाचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात होते, आणि तो मावसभावाच्या लग्नाला साक्रीजवळच्या एका खेड्यात, रेंजच्या बाहेर. संध्याकाळी फोन लागला, त्याने वरातीतून बाजूला येऊन पाच मिनिटांत काम केलं. आता डोमेन कंपनीच्या नावावर आहे आणि त्याचा पासवर्ड सीएच्या कपाटात, बंद पाकिटात.